पौर्णिमेचं पाणी आणि स्मिताचा भूगोल

नेरूळ, खाडीकडची आळी
कार्तिक वद्य पंचमी

सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल, ओळख बघू गोजरे. शेवंताबाई! तू धाडलेल्या स्थळातली, मुलाची आत्या. तू तर कळवलं होतंस की मंडळी पुढच्या रविवारी येतील, म्हणून मी निर्धास्त. डोक्याला तेल चोपडून, विटकं लुगडं नेसून अंगणात कोंबड्यांना कणी टाकत होते. बघते तर बांधावरून ही बाई डुलत डुलत येतेय, हिरवंगार लुगडं, नाकात नथ, मागे तिचा भाऊ, म्हणजे मुलाचा बाप गोटीराम, आणि त्याच्या मागे नवरा मुलगा श्यामसुंदर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. कार्तिकी पौर्णिमेचा रविवार, उन्हं नुकती अंगणात उतरलेली. पुढच्या रविवारी मुलाला ड्युटी लागली म्हणून आजच आलो, असं आत्याबाई पायरीवरच म्हणाल्या. मी तोंडाने "या, या" म्हटलं आणि मनात म्हटलं, सरू, मेलीस आता. कारण त्याच दिवशी, त्याच वेळी मी दुसऱ्याच पाहुण्यांना बोलावून ठेवलं होतं.

थांब, पत्राची रीत राहिली. तू म्हणशील, थोरली म्हातारपणी सगळं विसरली. तर घे: माझ्या पाठच्या बहिणीला, सौभाग्यवती गोजरेला, थोरल्या सरूचे ओंजळभर आशीर्वाद. दाजींना वाकून नमस्कार. त्यांचा दमा थंडीत वर येतो, तर म्हणावं विडी सुटत नसेल तर नका सोडू, पण अंथरुणात ओढू नका, गोधडी जळते (ती गोधडी मी शिवलेली आहे, विसरू नये). तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही उत्तम आहेत. अगदी डोंगर चढावा असे आहेत. (हे मुद्दाम लिहून ठेवते, पुढे कामाला येईल.) तुझी पाटी शेळी व्याली का, पिल्लं किती, बोकड किती, तेही कळव. आमच्याकडे सगळं ठीक. सूनबाई तिच्या आईच्या आजारपणात माहेरी गेली आहे ती महिना दीड महिना काही येत नाही, म्हणून सैपाक, कोंबड्या आणि कमळाकर, तिन्ही माझ्या गळ्यात. हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय. तिसरी शिकलेली बाई किती लिहिणार, पण लिहितेय. स्मिता म्हणाली, दे आजी, मी शुद्धलेखन बघते. नाही दिलं. ह्यात तिच्याही गोष्टी आहेत आणि माझ्याही.

तर ही सगळी गोष्ट भूगोलावरून झाली. माझी नात स्मिता कॉलेजात भूगोल घेऊन बसली आहे हे तुला ठाऊक आहेच. माझ्या लेकाला, कमळाकरला, ते मुळीच आवडलेलं नाही. त्याचं म्हणणं असं, की जगात कुठे काय आहे ते पोस्टमनला माहीत असलं म्हणजे पुरे, बाकीच्यांनी आपापल्या घरी राहावं. (स्वतः रोज पावणे गावातल्या कंपनीत जातो आणि दिवसभर स्क्रूला आटे पाडतो, ते स्क्रू पुढे कुठे जातात हे त्याने एकदाही विचारलेलं नाही.) त्यात आता कॉलेजची सहल निघाली आहे. मजेची सहल नव्हे, अभ्यासाची. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस, घाट चढून वर देशावर. पहिला मुक्काम त्र्यंबकेश्वर, जिथे गोदावरी निघते, मग नगर, मग औरंगाबाद. ह्या सहलीला गेलं नाही तर पुढच्या वर्षी भूगोल हा मुख्य विषय घेता येत नाही, आणि भूगोल नाही तर स्मिता म्हणते मी कॉलेजच सोडते. कमळाकर म्हणाला, मग सोड, आपल्या घरातली बाई आजवर घाट चढली नाही, तू कशाला, तुझं तर आता लग्न करायचंय. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, पण रागाने जेवली, ते जास्त वाईट. सुकटीचं कालवण केलं होतं, तेही भाकरीशी भांडल्यासारखं ओरपलं.

मी तिला म्हटलं, अगं ह्या भूगोलात आहे तरी काय एवढं? तर तांदूळ निवडता निवडता तिने मला सगळा शिकवला. गोजरे, फार सोपा आहे. पाच प्रश्न असतात. एक, ती जागा नेमकी कुठे आहे. दोन, ती आहे कशी, तिचं पाणी कसं, वारा कसा, माणसं कशी. तीन, माणसाने तिथल्या जमीन-पाण्याचं काय केलं आणि जमीन-पाण्याने माणसाचं काय केलं. चार, तिथे कोण येतं, कोण जातं, काय आणतं, काय नेतं. आणि पाच, ती जागा कुठल्या मुलखातली, तो मुलूख सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे. मी सूप खालीच ठेवलं. म्हटलं, पोरी, हेच तर आपण मुलगी देताना विचारतो! मला देताना आपल्या बापाने दुसरं काय विचारलं होतं? त्याने तर पाण्याची चव बघायला विहिरीवर जाऊन चूळ भरली होती. (तुझ्या वेळी विसरला, म्हणून तुला मचूळ पाणी आलं. तुला वाईट वाटू नये, पण तसंच झालं.)

शिवाय पहिल्या प्रश्नात दोन रेघा असतात. सगळ्या पृथ्वीवर आडव्या आणि उभ्या रेघा मारलेल्या आहेत, कुणी मारल्या ते स्मितालाही नीट सांगता आलं नाही, पण दिसत नाहीत. आपल्या घरावरून एकोणिसावी आडवी जाते आणि त्र्याहत्तरावी उभी. मी परसात जाऊन बघून आले. आमच्या अंगणात विजेचा खांब घालायला किती अर्ज, किती हेलपाटे, आणि ह्या रेघा बघ, न विचारता चुलीवरून निघून गेल्या. आणि ऐक, आनंदाची गोष्ट पुढे आहे. स्मिताने नकाशात पट्टी ठेवून पाहिलं, तर खांदेश्वर जवळजवळ त्याच आडव्या रेघेवर येतं. म्हणजे तुझ्या घरावरून आणि माझ्या घरावरून एकच रेघ गेली आहे, वाळत घालायच्या दोरीसारखी! त्या दिवसापासून मी सकाळी लुगडं वाळत घालताना तुझी आठवण काढते.

बरं. स्मिताच्या कॉलेजच्या भूगोलाच्या बाई म्हणाल्या, मी घरी येऊन वडिलांशी बोलते. त्यांचं आडनाव गायसमुद्रे. आहेत मराठवाड्यातल्या, उस्मानाबादकडच्या, आडनावात समुद्र असून खरा समुद्र विसाव्या वर्षी पाहिला, असं त्याच हसत हसत सांगतात. बाई फार चांगल्या, आवाज खणखणीत, डोळ्यांना जाड भिंगं. त्यांनी विचारलं, कधी येऊ? मी निरोप धाडला, कार्तिकी पौर्णिमेला सकाळी या, दिवस चांगला आहे. बस, इतकंच. पुढे जे झालं ते देवाने केलं, माझा त्यात हात नाही.

तुला कमळाकरची खोड ठाऊक आहे. नको असलेला पाहुणा आला की तो दोन मिनिटं बसतो, "बरं मंग, मला जरा काम हाय" म्हणतो, आणि चपला घालून बांधावरून पसार होतो. मागे शाळेचे मास्तर आले तेव्हा तसाच गेला, विम्याचा माणूस आला तेव्हाही गेला, आणि स्वतःच्या सासऱ्यासमोरूनही गेला. आमच्या आळीतून बाहेर पडायला बांधाची ती एकच वाट, आणि उघाडीपाशी (तुला आठवते ना, खाडीचं पाणी सोडायचं ते लाकडी दार) ती वाट खोलगट आहे. एरवी कोरडी असते. पण पुनवेला आणि अवसेला दुपारी उधाणाचं पाणी तिच्यावरून जातं आणि दोन-तीन तास आळीतला माणूस आळीत अडकतो. आता बाई पौर्णिमेला आल्या, कमळाकर घरात असला, आणि पाणी चढलं, तर त्याने पळायचं कुठे? पण मी म्हटलं तसं, हे सगळं देवाच्या मनातलं.

देवाच्या मनात मात्र थोडं वेगळं होतं. कमळाकर कितीही नाराज असला तरी घरी बाईमाणूस पाहुणी येणार म्हटल्यावर रिकाम्या हाताने बसणारा नव्हे. भल्या पहाटे उठून बेलापूरच्या बाजारात जिताडा आणायला गेला. (खाडीच्या काठावर राहायचं आणि मासळी बाजारातून आणायची, हे दिवस आलेत बाय. आता खाडीत जाळं टाकलं तर प्लास्टिकच्या पिशव्या येतात, त्याही फाटक्या.) मी हिशेब केला होता, हा नवाला परत येईल, बाई दहाला येतील, पाणी अकराच्या पुढे चढेल. पाण्याचा माझा हिशेब आजवर चुकलेला नाही. आळीतल्या बाया वाळवण घालायच्या आधी मला विचारतात.

तर आत्याबाईंची मंडळी ओटीवर बसली, त्यांना पाणी दिलं, स्मिताला आतून खुणेने सांगितलं की लुगडं बदल, ती खुणेने म्हणाली नाही बदलत. तेवढ्यात गायसमुद्रे बाई आल्या, साडी वर धरून, पाय घोट्यापर्यंत ओले. म्हणाल्या, आजी, वाटेवर पाणी यायला लागलंय. मी म्हटलं, छे, अजून दीड तास आहे. आणि बाहेर येऊन बघते तर उघाडीपाशी वाट गडप! पाणी आमच्या चिंचेच्या बुंध्याला लागलेलं, जिथे ते माझ्या लग्नापासून कधी आलं नव्हतं. आणि पलीकडच्या काठावर, हातात पिशवी घेऊन, कोण उभं? कमळाकर. बस उशिरा आली होती.

म्हणजे बघ गोजरे, ज्याला आत कोंडायचं तो बाहेर, आणि ज्यांना आजच यायचं नव्हतं ते आत. मला इतकं हसू आलं, की पदर तोंडात घालून मी माजघरात गेले आणि स्मिताच्या पाठीवर डोकं टेकून हसले. ती रडायला आलेली, ती पण हसायला लागली.

कमळाकर तिकडून ओरडतोय, "आये! कान्हाला होडी घेऊन धाड!" शेजारच्या कान्हाची होडी दारातच बांधलेली असते. कान्हा धावत गेला, होडीत बसला, उठला, होडीखाली बघितलं, घरात गेला, बाहेर आला, आणि बांधावर उभा राहून दोन्ही हात पसरून म्हणाला, "होडी हाय, पन वल्ही नाय, काकी!" मी म्हटलं, काय हे, नवी वसाहत झाल्यापासून चोरांचा सुळसुळाट झालाय हो. बांबूने होडी ढकलायला गेला तर चिखलात बांबू रुतून बसला आणि होडी बांबूभोवती गोल फिरायला लागली. आळीतली सगळी पोरं बघायला जमली. शेवटी बांबू सोडून कान्हा पोहत परत आला आणि घरी जाऊन रागाने झोपला.

आता आत काय झालं ते ऐक, कारण मजा तिथे आहे. शेवंताबाईने बघितलं, जाड चष्म्याची, खुर्चीवर ताठ बसलेली बाई, आणि तिच्या मनाने घेतलं की ही मुलीकडची कुणीतरी मोठी, शहरातली मावशी, मुलाची परीक्षा घ्यायला मुद्दाम बोलावलेली. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. बाई आपल्या सहज, सवयीने, वेळ घालवायला म्हणून विचारताहेत, की तुमचं घर कुठे आलं? आत्याबाईंनी पदर सावरला, भावाला कोपराने ढोसलं. गोटीराम म्हणाला, खांदेश्वराच्या देवळाजवळ. बाई म्हणाल्या, देवळाच्या कुठल्या बाजूला? तर त्याने हात लांब करून आमच्या भाताच्या कणगीकडे दाखवलं. आम्ही सगळे कणगीकडे बघायला लागलो. तो आपल्या घरी बसल्यासारखा हात करत होता गो! घरून निघाला तरी दिशा घरीच ठेवून आला. बाई हसून म्हणाल्या, बरोबर आहे, माणूस आधी आपल्या उंबऱ्यावरून जग मोजतो.

मग दुसरा, ठिकाण कसं आहे. आत्याबाई सुटल्याच. तीन खोल्या, पुढे पडवी, वर स्लॅब, मागे शेवगा, शेजार चांगला. बाई म्हणाल्या, पाणी? आत्याबाई म्हणाल्या, विहीर हाय की. आणि श्यामसुंदर, इतका वेळ मान खाली घालून केळ्यांची फणी मांडीवर घेऊन बसलेला (कुणी ती त्याच्याकडून घेतलीच नव्हती), म्हणाला, होळीनंतर मचूळ होतं. आत्याबाईंनी त्याला असा चिमटा काढला, की मलाच दुखला. पण दाराआड स्मिताच्या बांगड्या वाजल्या. मला कळलं, पोरीने कान दिला.

तिसरा प्रश्न आला आणि घोटाळा झाला. तुमच्या गावात माणसाने जमिनीचं काय काय केलं? गोटीराम बिचारा सरळ माणूस, सांगायला लागला, शेत होतं ते नव्या शहरात गेलं, आणि घरामागे टेकडी होती, तिच्यावर आमची गुरं चरायची, ती गेल्या दोन वर्षांत पार कापून नेली. बाईंनी विचारलं, कुठे नेली? तो म्हणाला, ट्रकमागून ट्रक, रात्रंदिवस, इकडेच नेरूळच्या नव्या वसाहतीच्या भरावाला. बाई उठल्या. दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आजी, तुमचा पाण्याचा हिशेब का चुकला कळलं का? पलीकडे खाजणाची सखल पाणथळ जमीन होती तिथे पूर्वी हे पाणी पसरायचं. तिथे आता भराव पडला. पाण्याला जागा उरली नाही, ते आधी चढतं आणि जास्त चढतं.

गोजरे, मी गोटीरामकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे मुलगी बघायला यायच्या दोन वर्षं आधीच ह्यांची टेकडी आमच्याकडे नांदायला आली होती! तिने पाण्याला ढकललं, पाण्याने वाट बुडवली, आणि वाटेने माझ्या लेकाला पलीकडे उभं केलं. गोटीराम हात जोडून म्हणाला, "विहीनबाय, आमच्या टेकडीला माफी करा." मी म्हटलं, असू द्या हो, घरचीच आहे. पण सांगते तुला, दोन घासांपुरतं माझं मन जरा खट्टू झालं. जन्मभर पाणी माझं ऐकत होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. आता पुन्हा पहिलीपासून शिकावं लागणार. मग म्हटलं, बरंय, घरात शिकलेली पोर आहे.

तिकडे कमळाकरभोवती कुत्री जमली होती. पिशवीत जिताडा आणि ऊन वाढतंय, मग कुत्री येणारच. आणि तो लहानपणापासून कुत्र्यांना किती भितो ते तुला माहीत आहे. पिशवी डोक्यावर धरून उभा, वर कावळे, खाली कुत्री. त्याला बघून श्यामसुंदर आपणहून उठला (केळी अखेर मी घेतली), बांधाच्या टोकाशी गेला आणि हाताचा कर्णा करून ओरडला, "मामा, घाबरू नका, चिखलाची ढेकळं मारा!" कमळाकर म्हणाला, "तू कोन रं?" आणि पोरगा सरळ ओरडला, "मी श्यामसुंदर! तुमच्या पोरीला बघायला आलोय!"

सगळ्या आळीने ऐकलं. धुणं धुणाऱ्या बाया थांबल्या. कमळाकरने काय करावं? बावरून त्याने नमस्कारासाठी दोन्ही हात जोडले, आणि पिशवी खाली. जिताड्याचं डोकं एका काळ्या कुत्र्याने पळवलं, धड मात्र त्याने वाचवलं. आपल्या घरी पाहुणे बसलेत आणि आपण यजमान पाण्यापलीकडे मासा पोटाशी धरून उभे, ह्याची त्याला जी लाज वाटली, ती मला इतक्या लांबून दिसली. आई आहे मी, मला वाईटही वाटलं. (थोडं.)

आत चौथा प्रश्न चालू झाला होता, येणं-जाणं. श्यामसुंदर परत येऊन बसला आणि बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही काय करता? तो एसटीत कंडक्टर, पनवेल आगार, पुण्याची गाडी. म्हणाला, आठवड्यातून चार वेळा घाट चढतो नि उतरतो. आणि त्याच घटकेला आमची स्मिता, जिला खुणावून खुणावून माझी मान दुखली होती, ती पाण्याचा तांब्या घेऊन भसकन् बाहेर आली. लाजणं नाही, पदर नाही, नमस्कार नाही. त्याच्यासमोर उभी राहून विचारते, घाटाची कुठली बाजू जास्त उभी, आपली की देशाकडची? आत्याबाईंचा आ वासलेला. पोरगा क्षणभर विचार करून म्हणाला, आपल्याकडून भिंतीसारखा. पण वर गेलं की तिकडे उतार कळतच नाही, म्हैस बसल्यावर तिची पाठ असते ना, तसा लांबच लांब. स्मिता म्हणाली, हां, अगदी तसंच. आणि तांब्या तसाच घेऊन आत गेली. पाणी कुणाला मिळालं नाही.

पाचव्या प्रश्नावर तर भांडणंच जुंपली. आपला मुलूख कुठे संपतो? मी म्हटलं, जिथे तांदळाची भाकरी संपून ज्वारीची सुरू होते तिथे. आत्याबाई म्हणाल्या, छे, जिथल्या बाया हळदीची गाणी वेगळ्या चालीत म्हणतात तिथे. गोटीराम म्हणाला, लग्नाचं आवतण जिथवर पायी जाऊन देता येतं तिथवर. बाई म्हणाल्या, तिघांचंही खरं, ज्याला जे बघायचं असतं त्याप्रमाणे तो हद्द घालतो. मग हळूच म्हणाल्या, स्मिताच्या वडिलांनी मुलीची हद्द घाटाच्या पायथ्याशी घातली आहे, त्यासाठीच मी आले होते.

इथे शेवंताबाईला कळलं की ही मावशी नव्हे, मास्तरीण आहे. मला वाटलं, आता रागावते. पण त्या बाईने तुझी लाज राखली, गोजरे, माणसं तू चांगली धाडलीस. ती उठली, नथ सरळ केली, बांधावर गेली, आणि तिचा आवाज काय सांगू, खाडीपलीकडच्या बगळ्यांनी जागा सोडली. म्हणाली, "ओ येहीबुवा! पोरगी शाळेच्या सहलीला जाऊं दे! आमच्या घरातली बी एक बाई घाट चढलेली नाय. सून म्हनून कोनीतरी बघून आलेली येईल, तर आमाला सांगंल तरी वर काय हाय ते!"

आता होणारे सोयरे सगळ्या आळीसमोर मोठं मन दाखवताहेत म्हटल्यावर कमळाकरला लहान मन दाखवता येईना. त्याने मासा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. कुत्र्यांनीही माना तिकडे वळवल्या. मग त्याने ओरडून "जाऊं दे" म्हटलं. लगेच एक अट घातली, त्याला वाटलं अशी अट, की सहल आपोआप मोडेल. ती अट तुला खाली सांगते. पण जाऊं दे म्हटलं, हे सगळ्यांनी ऐकलं. स्मिताने आत माझ्या गळ्यात हात टाकले आणि सूप लाथेने उलथलं, तांदूळ अजून फटीतून निघताहेत.

तीनच्या सुमाराला पाणी उतरलं. कमळाकर चिखलातून आला, पाहुण्यांच्या पाया पडायच्या आधी अंघोळीला गेला. तोवर मंडळींनी चवळी आणि सुकट भाकरी खाल्ली होती, मग बिनडोक्याच्या जिताड्याचं कालवण झालं, ते पुन्हा बसून खाल्लं. गायसमुद्रे बाईंनीही खाल्लं, काटे एकीकडे नीट ओळीने मांडून, नकाशासारखे. लग्नाचं बोलणं स्मिताची परीक्षा झाल्यावर करायचं असं ठरलं. स्मिता ताटं उचलून आत निघून गेली. पण जाताना श्यामसुंदरची एक चपल उघाडीपाशी चिखलात रुतून राहिली, तो एकच चपल हातात घेऊन गेला. ती दुसरी सोमवारच्या भरतीला वर आली. आता ती धुऊन तुळशीकट्ट्यावर वाळत ठेवलेली आहे. मी नाही ठेवली.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे, पाटीच्या पिल्लांनाही.

तुझी थोरली,
सरू

ता.क. कमळाकरची अट राहिली. तो म्हणाला, पोरीबरोबर घरातलं कुणीतरी मोठं माणूस आठही दिवस पाहिजे. सूनबाई माहेरी, हा कंपनीत, म्हणजे कुणीच नाही, असा त्याचा डाव. त्याच्या लक्षातच आलं नाही की घरात मी आहे. बाईंनी त्याच पावली माझं नाव घातलं. गोजरे, मी घाट चढणार! आपण दोघी जन्मभर पाण्याच्या शेपटाशी राहिलो, सगळ्या नद्या इथे येऊन खारट होताना बघितल्या. तोंड कुणी बघितलंय? म्हणतात गोदावरी निघते तिथे ओंजळीत मावते. मला ती ओंजळीत घेऊन प्यायची आहे. स्मिता भूगोल सांगायला लागली त्या पहिल्या दिवसापासून प्यायची आहे. तर नाताळचे आठ दिवस तू इथे येऊन राहा, कमळाकरला दोन वेळा भाकरी आणि कोंबड्यांना कणी घाल. येताना दाजींचा तपकिरी स्वेटर आण, वर थंडी असते. माकडटोपी असेल तर तीही आण.

आणखी ता.क. कमळाकर आता पलटी मारतोय. म्हणतो, पाण्यापलीकडून दिलेला शब्द धरायचा नसतो, आणि आईचे गुडघे घाट चढायचे नाहीत. म्हणून बाईंनी आणि तुझ्या मंडळींनी पुन्हा यायचं कबूल केलं आहे, समोरासमोर शब्द घ्यायला. ह्या वेळी तो आत हवा. तेव्हा तू आदल्या संध्याकाळीच ये आणि मावशीचं पोट दुखतंय म्हणून त्याला उशापाशी बसवून ठेव. मासळी मी आदल्या दिवशीच आणीन. ह्या पत्रातली गुडघ्यांची ओळ तेवढी त्याला वाचून दाखव, बाकी पत्र चुलीत घाल.

शेवटचं. कान्हाची वल्ही माझ्या माळ्यावर आहेत, शेणींच्या मागे. परत ठेवणार होते, पण म्हटलं पुन्हा लागतील. तुझ्या मंडळींना नीट सांग, टेकडी आल्यापासून पाणी लवकर चढतं, म्हणून नवाच्या आत बांध ओलांडा. बाईंनी मला दिवस विचारला, मी म्हटलं दत्तजयंतीला या, दिवस चांगला आहे. दत्तजयंतीला पौर्णिमाच असते.